भिंतीतले भोक कोण बुजवणार?





गेल्या वर्षभरात आपल्यापैकी अनेकांनी किनवट आणि माहूर तालुक्यांतील कामासाठी पैशांबरोबर वस्तूही दिल्या. मुलींच्या वसतिगृहाला पाणी तापवणारा हीट पंप मिळाला, दवाखान्यातील औषधांच्या खोलीला एसी मिळाला, अभ्यासिकेला सौरदिव्यांचा संच मिळाला. नांदेड व लातूरच्या काही मंडळ्यांनी आपल्या उपासनामंदिरातही एसी बसवून घेतले. या सर्व दानांबद्दल आम्ही देवाचे आणि आपले आभार मानतो.

यातली प्रत्येक वस्तू बसवताना बाहेरच्या भिंतीला भोक पाडावे लागले. यंत्राचा फोटो आम्ही आपल्याला पाठवतो, भोकाचा फोटो कोणी काढत नाही. पावसाळ्यापूर्वी इमारतींची पाहणी करताना मी या भोकांकडे मुद्दाम लक्ष देतो. कुठे कापडाचा बोळा कोंबलेला असतो, कुठे थर्माकोल, कुठे वर्तमानपत्र. काही ठिकाणी तर नळीच्या बाजूने सरळ बाहेरचे आभाळ दिसते. विषय लहान वाटेल, पण या भोकांच्या आतल्या बाजूला जमिनीवर सतरंजी टाकून मुले झोपतात. म्हणून या अंकात त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

हीट पंप म्हणजे काय?

वसतिगृहात नवा हीट पंप आला तेव्हा मुलींनी विचारले, "सर, यात शेगडी कुठे आहे?" शेगडी नाहीच. साधा गीझर विजेवर तार तापवतो आणि त्या तारेने पाणी तापते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून पाण्याला देतो. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट विजेइतकी उष्णता मिळते. किनवटच्या जंगलपट्ट्यात थंडीच्या दिवसांत पहाटे हातपाय गारठतात. तिथे इतक्या मुलींना गरम पाणी द्यायचे तर ही बचत फार मोलाची आहे.

एसीचे तत्त्व तेच आहे, फक्त दिशा उलटी. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून यंत्राचा एक भाग आत आणि एक बाहेर असतो. दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या, विजेची केबल आणि पाणी वाहून नेणारा ड्रेन पाइप या सर्वांसाठी भिंतीला साधारण अडीच ते तीन इंचांचे भोक लागते. पाण्याच्या हीट पंपाचे गरम व थंड पाण्याचे पाइप आणि सौरपॅनेलच्या केबल्या यांनाही अशीच वाट हवी असते.

नळ्या गेल्यानंतर भोकात जी जागा उरते ती कोण भरणार, इथे घोटाळा होतो. एसीवाला म्हणतो, गवंड्याचे काम. गवंडी म्हणतो, एसीवाल्याचे. देणाऱ्याला वाटते, ते बसवण्याच्या खर्चात आलेच असेल. आणि भोक तसेच राहते.

भोकातून काय येते?

पहिले येते पाणी. पावसाचे पाणी नळीच्या अंगाने ओघळत थेट भिंतीत शिरते. किनवट-माहूरकडे लातूरपेक्षा पाऊस जास्त, त्यामुळे एका पावसाळ्यात भिंत ओल धरते, गिलावा फुगतो आणि रंग सुटतो. शेजारी विजेचा बोर्ड असेल तर धोका वेगळा सांगायला नको.

दुसरे येतात उंदीर. घरातल्या लहान उंदराला बोटाच्या जाडीपेक्षाही कमी फट पुरते. तो धान्य खातो, केबलीचे आवरण कुरतडतो आणि नळ्यांवरच्या मऊ फोमचे घरटे करतो.

उंदरांच्या मागे साप येतो. आपल्या भागात सर्वांत जास्त भीती मण्यारीची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावा फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. मूल पहाटे पोटात दुखते म्हणून उठते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि श्वास लागतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे सरासरी वर्षाला ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले.

चौथा पाहुणा विंचू. दिवसा तो फटीत, विटांच्या खाली, भिंतीच्या भेगेत दडून राहतो. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलाचे हृदय निकामी होऊ शकते. या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे ज्यांनी दाखवून दिले ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. कोकणात महाडला राहून त्यांनी हे काम केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध मिळाले ही देवाची मोठी कृपा आहे, पण विंचवाला घरात जागा न मिळणे त्याहून बरे.

साप-विंचू फक्त याच वाटेने येतात असे मी म्हणत नाही. दाराखालची फट, मोरीचे तोंड, उघडी खिडकी याही वाटा आहेतच. पण त्या वाटा आपल्याला माहीत असतात, रात्री आपण त्या बंद करतो. नळीमागचे भोक कपाटाच्या आड असते, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

याशिवाय डास, धूळ आणि उन्हाळ्यातली गरम हवा आहेच. मे महिन्यात नांदेडचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा औषधांची खोली थंड ठेवण्यासाठी वीज जाळायची आणि शेजारच्या भोकातून झळ आत घ्यायची, यात दानाचा पैसाच वाया जातो.

भोक नीट कसे बुजवावे?

हे काम अवघड नाही. क्रम मात्र पाळावा लागतो.

१. जागा आधी ठरवावी. सिमेंटचा खांब, तुळई किंवा दार-खिडक्यांच्या वरून भिंतभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा यांतून भोक पाडू नये. आतून विजेची वायर गेलेली नाही ना, हेही पाहावे.

२. भोक कोअर कटरने पाडावे. छिन्नी-हातोड्याने फोडले तर बाहेरच्या बाजूचा गिलावा थाळीएवढा उडतो आणि मग बुजवायचे काम दुप्पट होते.

३. भोकाला बाहेरच्या बाजूने ढाळ द्यावा. आतल्यापेक्षा बाहेरचे तोंड अर्धा ते एक सेंटिमीटर खाली असावे. ढाळ उलटा झाला तर पावसाचे पाणी आत येते आणि एसीचे पाणी बाहेर जात नाही.

४. भोकात भिंतीच्या जाडीएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा. या तुकड्याच्या बाहेरून, म्हणजे तुकडा आणि भिंत यांच्यामध्ये, वाळू-सिमेंटचा माल भरावा. नळ्या आणि केबल या तुकड्यातून न्याव्यात. म्हणजे नळीला विटेची धार लागत नाही आणि पुढे दुरुस्ती आली तर भिंत फोडावी लागत नाही.

५. थंड नळीवरचे फोमचे आवरण भिंतीच्या आतूनही अखंड न्यावे. पुष्कळदा भोक लहान पडते म्हणून फिटर तेवढ्या भागातले आवरण सोलून काढतो. मग उघड्या थंड नळीवर दव धरते आणि पाऊस नसतानाही भिंत ओली होते.

६. बाहेरच्या बाजूला नळ्या आणि केबलींना झोळ द्यावा. त्या भोकाच्या खाली उतरून मग वर वळून आत जाव्यात. पाणी झोळाच्या सर्वांत खालच्या टोकाला येऊन गळून पडते, भोकापर्यंत चढत नाही. केवळ या एका गोष्टीने निम्मी ओल थांबते, असा माझा अनुभव आहे.

७. शेवटी तुकड्याची दोन्ही तोंडे बंद करावीत. आधी बारीक लोखंडी किंवा स्टीलची जाळी नळ्यांभोवती दाबून बसवावी. ती उंदराला कुरतडता येत नाही. जाळीची टोके केबलीत रुतणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. तिच्यावर एसीवाले वापरतात ती मऊ पुट्टी आणि बाहेरून सिलिकॉन लावावे. भिंतीचे बाहेरचे तोंड सर्वांत महत्त्वाचे, तिथे कसूर करू नये.

काय भरू नये?

नळ्यांभोवती थेट सिमेंट भरू नये. यंत्र चालू असताना नळ्या थरथरतात, गरम पाण्याचा पाइप तापून लांबतो आणि निवून आखडतो. सिमेंट मात्र जागचे हलत नाही. थोड्याच दिवसांत भोवती चीर पडते, आणि विंचवाला तेवढी चीर पुष्कळ झाली.

थर्माकोल तर अजिबात भरू नये. तो साध्या पीव्हीसी वायरला चिकटून राहिला की वायरच्या आवरणातला मऊपणा शोषला जातो आणि आवरण कडक होऊन तडकते. उंदीर त्याचा भुगा करतात ते वेगळेच.

कापडाचा बोळा पाणी धरून ठेवतो. डब्यातून फवारायचा पिवळसर फोम आतल्या मोठ्या पोकळीसाठी चालतो, पण उन्हात तो ठिसूळ होतो आणि उंदीर तो सहज पोखरतात. म्हणून उघडा न ठेवता त्याला जाळीची व बाहेरून गिलाव्याची किंवा रंगाची जोड द्यावी.

सिलिकॉन घेताना दुकानदाराला 'न्यूट्रल' मागावे. ज्या सिलिकॉनला लावताना आंबट वास येतो, तो तांब्याला गंजवतो आणि सिमेंटवर नीट धरतही नाही.

आपल्याकडच्या भिंती

पहिल्या मुद्द्यात मी काँक्रीटच्या पट्ट्याचा उल्लेख केला, त्याचे कारण लातूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या वजनाखाली दबली. त्यानंतर शास्त्रशुद्ध बांधलेल्या इमारतींत भिंती एकमेकींना बांधून ठेवण्यासाठी काँक्रीटचे पट्टे घातले गेले. एसीच्या नळीसाठी तोच पट्टा पोखरणे म्हणजे त्या पहाटेचा धडा विसरणे आहे. भोक एक वीत खाली घ्यावे, एवढेच.

गोंड, कोलाम, आंध, प्रधान बांधवांच्या वाड्या-पाड्यांवर कुडाच्या आणि मातीच्या भिंती आहेत. तिथे एसी नाही, पण सौरदिव्याची केबल आहे, मीटरची वायर आहे. अशा भिंतीत सिमेंट भरले तर ते मातीशी एकजीव होत नाही. माती वाळून आकसते आणि कडेने फट उरते. तिथे पाइपचा तुकडा बसवून भोवती भिंतीचीच माती भुसा घालून मळून लावावी आणि वरून सारवावे.

हे शिकवायला मी एका पाड्यावर गेलो तेव्हा एका आजीने मला ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, आम्ही पावसाच्या आधी सगळी भिंत हातानं चाचपतो. बोट गेलं की तिथं माती लावतो. तुमच्या सिमेंटच्या घराला कोण हात लावतं?" मातीच्या घरात भिंतीची देखभाल हे बायकांचे दरवर्षीचे काम असते, म्हणून भोक लपत नाही. आपल्या पक्क्या इमारतींना असा हात फिरवणारे कोणी नाही. आजीची ती रीत आम्ही वसतिगृहात उचलली आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी मोठी मुले आणि चौकीदार मामा मिळून प्रत्येक खोलीची भिंत आतून-बाहेरून पाहतात. एकाने आत दिवे बंद करून उभे राहायचे, दुसऱ्याने बाहेरून नळ्यांभोवती बॅटरी मारायची. उजेड दिसला की खडूने खूण करायची.

पवित्र शास्त्र काय सांगते?

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. लहानपणी हे वचन वाचताना मला नवल वाटे की परमेश्वराच्या नियमशास्त्रात गवंडीकाम कशाला? आता ते समजते. इस्राएल लोक धाब्यावर बसत-उठत, पाहुणे निजत. घरमालकाला आपल्या धाब्याची कड माहीत असते, पाहुण्याला अंधारात ती दिसत नाही. म्हणून कठड्याची जबाबदारी देवाने पडणाऱ्यावर न टाकता बांधणाऱ्यावर टाकली.

उपदेशकाच्या दहाव्या अध्यायातही भिंत फोडणाऱ्याला सापाचा इशारा दिलेला आहे. त्या काळच्या दगडी कुसवांच्या फटींत साप राहत. आज एक फरक आहे. भिंत आपण फोडतो, दंश मात्र तिथे झोपणाऱ्या लेकराला होतो. ते लेकरू आपल्या आईबापांनी विश्वासाने आपल्याकडे सोपवलेले असते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा मी मंडळीत अनेकदा शिकवतो. वसतिगृहाच्या भिंतीजवळ तिचा अर्थ मला फार साधा दिसतो. आपण पाडलेले भोक आपणच बुजवावे.

देणाऱ्यांना नम्र विनंती

एका भोकासाठी लागणारा पाइपचा तुकडा, जाळी, पुट्टी, सिलिकॉन आणि गवंड्याचा अर्धा दिवस हे सर्व यंत्राच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहे. तरी तेच राहून जाते, कारण ते कोणाच्याच यादीत नसते. म्हणून यापुढे आमच्या संस्थेला, आपल्या मंडळीला किंवा अन्य कुठल्याही वसतिगृहाला यंत्र देताना कृपया चार प्रश्न विचारा.

भिंतीला भोक कुठे पडणार आहे? ते बुजवण्याचे काम बिलात लिहिलेले आहे का? काम झाल्यावर आतून आणि बाहेरून कोण पाहणार? दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासणार कोण?

आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी यंत्राबरोबर बुजवलेल्या भोकाचाही फोटो मागा. आम्हीही यापुढे तो पाठवू.

भोके बुजवली तरी पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी यांची गरज संपत नाही. रात्रीच्या दंशापासून मुलांना वाचवण्याचा तो फार चांगला उपाय आहे. पलंगासाठी आलेले दानही आम्ही आनंदाने स्वीकारू. आणि दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे, मंत्र-उतारा यांत वेळ घालवू नये. रुग्णाला धीर द्यावा, हालचाल करू देऊ नये आणि १०८ ला फोन करून लगेच सरकारी रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी लस तिथे मोफत दिली जाते.

प्रार्थनेचे विषय

• वसतिगृहातील मुलामुलींना या पावसाळ्यात साप, विंचू आणि तापाच्या साथीपासून सुरक्षा मिळावी म्हणून.

• रात्री-अपरात्री दंश झालेल्यांवर उपचार करणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिकांसाठी.

• आपल्या इमारतींची डागडुजी करणारे गवंडी, फिटर आणि चौकीदार मामा यांच्यासाठी. त्यांचे काम दिसत नाही, पण मुले त्याच्याच भरवशावर झोपतात.

• किनवट-माहूरच्या वाड्या-पाड्यांवर पलंग व मच्छरदाण्या पोहोचवण्यासाठी लागणाऱ्या साधनांसाठी.

देव आपल्याला व आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

प्रभूच्या सेवेतील आपला बंधू